वर्गात अ‍ॅनिमेशन आणि सिम्युलेशन वापरायचंय? मग प्ले दाबायच्या आधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं

वर्गात सरांनी प्रयोग करून दाखवला आणि मुलांनी तो बघितला, एवढ्यावर मुलांना नेमकं किती कळतं? हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्या विद्यार्थ्यांनी प्रयोग नुसता बघितला होता त्यांची समज, ज्यांनी तो बघितलाच नव्हता त्यांच्यापेक्षा फारशी पुढे नव्हती. पण ज्यांना आधी विचारलं होतं की बाबांनो काय होईल ते सांगा, त्यांना नंतर कारण बरंच चांगलं सांगता आलं, आणि त्यासाठी वर्गातला वेळ थोडासाच जास्त लागला. हा अभ्यास खऱ्या प्रयोगांचा होता, पडद्यावरच्या गोष्टींचा नाही, पण माझ्या मते अ‍ॅनिमेशनला हे जास्तच लागू होतं, कारण अ‍ॅनिमेशन इतकं गुळगुळीत चालतं की बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि मुलांच्या डोक्यातली जुनी चुकीची कल्पना तशीच आत बसून राहते. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरपेक्षा प्ले दाबायच्या आधी आणि पॉज केल्यावर काय करायचं यावरच जास्त बोलणार आहे.

आधी फरक बघू

अ‍ॅनिमेशन म्हणजे हलतं चित्र, कितीही वेळा लावा तेच दिसणार. हृदयातून रक्त कसं फिरतं, पेशी कशी विभागते, ज्वालामुखीच्या आत काय चालतं, म्हणजे जिथे ठरलेल्या क्रमाने काहीतरी घडतं आणि ते डोळ्यांना एरवी दिसत नाही तिथे अ‍ॅनिमेशन कामाचं. सिम्युलेशनमध्ये आत एक मॉडेल असतं, नियम असतात, तुम्ही एखादा आकडा बदलला की त्याचा परिणाम लगेच दिसतो. जिथे 'हे वाढवलं तर ते काय होईल' असा प्रश्न आहे तिथे सिम्युलेशन घ्यायचं.

आणि बऱ्याच वेळा दोन्ही नको असतात! चुंबकाला टाचणी चिकटते हे दाखवायला स्क्रीन कशाला, चुंबक द्या हातात. फुलाचे भाग दाखवायचे तर फूल आणा. काही ठिकाणी स्थिर चित्रच बरं पडतं, कारण चित्र पळून जात नाही, मूल त्याच्याकडे हवा तेवढा वेळ बघू शकतं. बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अ‍ॅनिमेशनवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता, की अ‍ॅनिमेशन बऱ्याचदा इतकं वेगवान आणि गुंतागुंतीचं असतं की बघणाऱ्याला ते नीट पकडताच येत नाही. त्यामुळे हलतं म्हणजे चांगलं असं धरून चालू नका.

पायरी १: मुलं नेमकी कुठे अडकतात ते एका वाक्यात लिहा

'आज विद्युत परिपथ शिकवायचा' हे उद्दिष्ट नाही झालं. 'करंट बल्बमध्ये खर्च होतो असं मुलांना वाटतं, ते आज तपासायचं' हे झालं. असं वाक्य हातात असलं की कुठलं सिम्युलेशन घ्यायचं, कुठे थांबायचं, काय विचारायचं हे सगळं आपोआप ठरत जातं. नसेल तर पस्तीस मिनिटं स्क्रीनवर काहीबाही हलत राहतं आणि तास संपतो.

नेहमी सापडणाऱ्या काही चुकीच्या कल्पना देते, यातून सुरुवात करता येईल. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा (खरं तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वात जवळ असते, आणि तेव्हा अर्ध्या जगात हिवाळा असतो). जड वस्तू टांगली की लंबक हळू हलतो. वायूच्या कणांच्या मधल्या जागेत हवा असते. वस्तू सरळ जात राहायला सतत ढकलत राहावं लागतं. यातल्या प्रत्येकासाठी चांगलं सिम्युलेशन मिळतं.

पायरी २: साधन निवडा

विज्ञान आणि गणितासाठी मी पहिलं नाव फेट या सिम्युलेशनच्या वेबसाइटचं घेईन. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात (बोल्डर) हा प्रकल्प सुरू केला. सगळी सिम्युलेशन्स फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. गणितासाठी जिओजेब्रा आणि डेस्मॉस, आकाशासाठी स्टेलॅरियम, मुलांकडून स्वतः काही बनवून घ्यायचं तर स्क्रॅच. नेटलोगोमध्ये जंगलातली आग कशी पसरते, साथ कशी पसरते अशी मॉडेल्स तयार मिळतात, मोठ्या मुलांसाठी ती फार छान आहेत. जुन्या वेबसाइटवरची फ्लॅशमधली अ‍ॅनिमेशन्स मात्र आता चालत नाहीत, अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं, त्यामुळे जुन्या पाठ-नियोजनात अशा लिंक असतील तर आधीच काढून टाका.

अ‍ॅनिमेशन निवडताना एवढंच बघा: मागे म्युझिक वाजतंय का, कोपऱ्यात नाचणारी पात्रं आहेत का, आणि जे बोललं जातंय तेच खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय का. रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियातून शिकण्यावरचं बरंच संशोधन हेच सांगतं की विषयाला सोडून असलेली सजावट शिकण्यात अडथळा आणते, आणि चित्र बघत असताना तेच वाक्य ऐकायचं पण आणि वाचायचं पण अशी वेळ आली की डोळ्यांना चित्र सोडून अक्षरांकडे जावं लागतं. (ज्यांना ऐकू कमी येतं किंवा ज्यांची भाषा वेगळी आहे अशी मुलं वर्गात असतील तर अक्षरं हवीतच, तिथे हा नियम बाजूला ठेवा.) चांगलं चित्र पण वाईट निवेदन असं असेल तर सरळ आवाज बंद करा आणि स्वतः बोला. तुमच्या वर्गाला तुमचाच आवाज जास्त कळतो.

पायरी ३: आधी स्वतः खेळा, मुद्दाम बिघडवून बघा

वर्गात पहिल्यांदा उघडायचं असं कधीच करू नका. सगळी बटणं दाबून बघा, स्लाइडर शून्यावर न्या, एकदम टोकाला न्या, बॅटरी उलटी लावा, शॉर्ट सर्किट करा, कारण मुलं पहिल्या मिनिटात हेच करणार आहेत आणि तेव्हा 'मॅडम हे असं का झालं' याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

दुसरं, आणि हे फार कमी लोक करतात, या मॉडेलमध्ये काय खोटं आहे त्याची यादी करा. प्रत्येक मॉडेलमध्ये काहीतरी खोटं असतंच, ते असणारच, पण मुलांना कोणी सांगितलं नाही तर ती तेच खरं धरून बसतात. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन तारेतून टुकुटुकु सरकताना दिसतात, खऱ्या तारेत ते सेकंदाला साधारण मिलिमीटरचा छोटासा भाग इतकेच पुढे सरकतात. सूर्यमालेच्या चित्रात अंतरं तर पार चुकीची असतात: सूर्य १० सेंटिमीटरचा काढला तर पृथ्वी जेमतेम १ मिलिमीटरचा ठिपका होईल आणि तो ठिपका सूर्यापासून जवळजवळ ११ मीटर लांब ठेवावा लागेल, म्हणजे वर्गाच्या बाहेरच. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत सपाट दाखवली असेल तर मुलं हमखास विचारतात की मग दर महिन्याला ग्रहण का होत नाही. कक्षा सुमारे ५ अंश कललेली असते हे चित्रात दिसतच नाही, तर बिचारी मुलं तरी काय करणार! हा प्रश्न मुलांकडून आला तर खूश व्हा, मूल चित्र वाचतंय.

पायरी ४: यंत्रसामग्री

हे थोडक्यात. फेटची सिम्युलेशन्स फाइल म्हणून डाउनलोड करून ठेवता येतात, मग ती नेट नसताना ब्राउझरमध्ये उघडतात, तेव्हा आदल्या दिवशी उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. ब्राउझर झूम करून शेवटच्या बाकावर जाऊन बघा आकडे वाचता येतात का. लाल आणि हिरवा एवढ्याच फरकावर सगळा अर्थ अवलंबून असेल तर बोलताना 'वरचा', 'उजवीकडचा' असं पण म्हणा, काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. आणि तीन-चार महत्त्वाच्या क्षणांचे स्क्रीनशॉट छापून ठेवा, लाइट गेली तर त्या कागदांवर पण तास होतो, नीट होतो.

पायरी ५: वर्गात, एक आख्खा तास कसा जातो

इथे एकच तास सविस्तर सांगते, फेटमधलं परिपथ जोडायचं सिम्युलेशन घेऊन. बाकी विषयांना साचा हाच.

पहिली पाच मिनिटं शब्दांची. बॅटरी, बल्ब, तार, अमीटर (करंट मोजायचं साधन), ही चित्रं आणि नावं आधीच फळ्यावर. नवीन शब्द आणि नवीन हालचाल एकदम समोर आली की मुलं दोन्हीतलं काहीच धरू शकत नाहीत.

मग मुलांना मोकळं सोडा, पाच ते दहा मिनिटं. सूचना नाहीत, 'बल्ब पेटवा' एवढंच. आवाज होईल, कोणीतरी आग लावून दाखवेल (सिम्युलेशनमध्ये खरंच ज्वाळा दिसतात), होऊ द्या. हा वेळ फुकट गेला असं वाटतं पण तसं नाहीये. नंतर मुलं बटणं शोधत बसत नाहीत आणि त्यांचं लक्ष प्रश्नाकडे राहतं.

आता सगळ्यांचे हात बाजूला, स्क्रीन आडवी. फळ्यावर परिपथ काढा: एक बॅटरी, एकामागे एक असे दोन बल्ब, आणि तीन जागी खुणा, पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. प्रश्न: या तीन जागी करंट किती असेल, जास्त, कमी, की सारखा? प्रत्येकाने वहीत लिहायचं, कारणासकट. लिहायचंच, कारण नुसतं मनात ठरवलेलं उत्तर नंतर सोयीने बदलतं. मग हात वर करून मोजा, किती जण कुठल्या बाजूला, आकडे फळ्यावर लिहा. मग शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या. तुम्ही या वेळी चेहऱ्यावर काही दाखवू नका, 'छान', 'बरोबर' काहीच म्हणू नका, कारण मुलं उत्तर आपल्या चेहऱ्यावरून वाचतात.

आणि मग अमीटर लावा. ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रत्येकी १० ओहमचे दोन बल्ब असतील तर तिन्ही जागी ०.४५ अँपिअर येतं. तीनही ठिकाणी तेच! वर्गात एकदम गलका होतो आणि तो गलका होऊ द्या, लगेच समजवायला जाऊ नका. 'मग बल्बमध्ये खर्च काय होतं?' हा प्रश्न आता मुलांचा झालेला असतो, तुमचा नाही. ऊर्जेबद्दल बोलायची खरी वेळ ही.

यानंतर दुसरा अंदाज: दुसरा बल्ब समांतर जोडला तर बॅटरीतून येणारा करंट कमी होईल की वाढेल? बरीच मुलं कमी म्हणतात, कारण बल्ब वाढले की वाटणी होणार असा हिशोब. प्रत्यक्षात एका बल्बला ०.९, दोन समांतर असले तर एकूण १.८ अँपिअर. इथे पॉज करा, इलेक्ट्रॉनचे दोन रस्ते बोटाने दाखवा.

शेवटची दहा मिनिटं खऱ्या बॅटरीला आणि खऱ्या बल्बला. दोन एकामागे एक, दोन समांतर, कुठले जास्त उजळतात ते बघायचं. फेटच्याच गटाने २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात सिम्युलेशनवर परिपथ शिकलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत आणि नंतर खरे परिपथ जोडण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा पुढे निघाले. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की खरं साहित्य नको. सिम्युलेशनमध्ये करंट डोळ्याला दिसतो, खऱ्या तारेत दिसत नाही, म्हणून आधी हे आणि मग ते असा क्रम लावला तर दोन्हीचा फायदा होतो. शिवाय खऱ्या बल्बचे आकडे नेमके जुळणार नाहीत, तापल्यावर बल्बचा रोध बदलतो, आणि मॉडेल म्हणजे काय हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

एकच प्रोजेक्टर असेल तर

तर माउस तुमच्या हातात ठेवू नका. एक विद्यार्थी समोर बसवा, तो फक्त वर्ग सांगेल तेच करेल, आणि वर्गाने नेमक्या शब्दात सांगायचं: 'ते वाढव' नाही चालणार, 'लंबकाची लांबी ०.२५ मीटरवरून १ मीटर कर' असं. दर पाच मिनिटांनी माणूस बदला. टॅबलेट असतील तर दोन मुलांत एक पुरतो, उलट मी म्हणेन एकेकाला देऊच नका, कारण एकटं मूल बोलत नाही आणि बोलल्याशिवाय त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ना त्याला कळतं ना तुम्हाला. चार जणांत एक दिला तर दोघं नुसती बघतात.

वर्कशीट कसं नसावं

'लांबी ०.५ करा, दोलनकाल लिहा. लांबी ०.६ करा, दोलनकाल लिहा.' अशी वर्कशीट (दोलनकाल म्हणजे लंबकाला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) मुलं न विचार करता भरतात, आकडे सगळे बरोबर आणि समज शून्य. त्यापेक्षा लक्ष्य द्या, रस्ता देऊ नका. 'लंबकाचा दोलनकाल बरोब्बर दुप्पट करून दाखवा, एकच गोष्ट बदलायची परवानगी आहे.' मुलं आधी वस्तुमान दुप्पट करतात, काहीच होत नाही. लांबी दुप्पट करतात, वाढतो पण दुप्पट होत नाही. मग चौपट करून बघतात, ०.२५ मीटरला सुमारे १ सेकंद होता तो १ मीटरला २ सेकंद होतो. एखादा गट गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश करून तिथेच पोचतो, त्यांना वर्गासमोर बोलवा. आणि कोणीतरी लंबक पार आडवा, ९० अंशापर्यंत नेऊन म्हणेल की 'कोनाने पण फरक पडतो की!' हो, पडतो, तिथे दोलनकाल साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, पुस्तकात 'लहान कोनासाठी' असं लिहिलेलं असतं ते यासाठीच.

याशिवाय हे तीन प्रकारचे प्रश्न मला फार उपयोगी वाटतात: असं काहीतरी शोधा ज्याने काहीच फरक पडत नाही, दोन वेगवेगळ्या मार्गांनी तेच उत्तर आणा, या सिम्युलेशनमध्ये जे खऱ्या जगात तसं नसतं असं एक शोधून काढा.

अ‍ॅनिमेशन दाखवताना

सिम्युलेशनपेक्षा इथे शिक्षकाला जास्त हात घालावा लागतो कारण मुलांच्या हातात काहीच नसतं. पाच मिनिटांचं अ‍ॅनिमेशन सलग लावू नका, तुकडे करा. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा आणि विचारा काय काय दिसलं, अर्थ नको, फक्त दिसलं ते. हृदयाचं असेल तर एका कप्प्यावर थांबवा आणि म्हणा आता इथून रक्त कुठे जाईल, बोट दाखवा. मग पुढे. दुसऱ्यांदा पूर्ण, तुमच्या बोलण्यासह. तिसऱ्यांदा एखादं मूल निवेदन करेल आणि बाकीचे ऐकतील, कुठे अडलं ते लगेच समजतं. वेग कमी करायची सोय असेल तर जरूर वापरा.

विज्ञानाबाहेर

संभाव्यता शिकवताना आधी खरी नाणी. प्रत्येकाने १० वेळा उडवायचं, कोणाला ३ छापे, कोणाला ८, फळ्यावर सगळ्यांचे मांडा. मग सिम्युलेशनवर १००, मग १०,०००, आणि प्रमाण निम्म्याकडे कसं सरकत जातं ते बघा. हाताने उडवल्याशिवाय स्क्रीनवरच्या १०,००० वर मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून तो भाग गाळू नका. भूगोलात भूपट्ट कसे सरकले ते, संगणकात सॉर्टिंगची पद्धत एकेक पायरी थांबवत, हे पण छान होतं. भाषेच्या किंवा इतिहासाच्या तासाला मात्र जबरदस्तीने सिम्युलेशन घुसवू नका. बदलत जाणाऱ्या सीमांचा नकाशा एवढं ठीक आहे.

समजलं का ते कसं बघायचं

स्क्रीन बंद करून. कोरा कागद द्या, परिपथ काढा म्हणा, तीन जागी करंट लिहा. पण सिम्युलेशनमध्ये होता तसाच परिपथ देऊ नका, तीन बल्बचा द्या, किंवा आडव्याऐवजी उभा काढून द्या. आणि दोन आठवड्यांनी परत एकदा तोच प्रश्न, सूचना न देता. लगेच विचारलं तर सगळ्यांना येतं, जुनी कल्पना परत आली की नाही ते दोन आठवड्यांनीच दिसतं. आली असेल तर त्याच वहीतला त्यांचा अंदाज उघडायला लावा आणि तिथून पुढे बोला.

स्वतःचं बनवायचं असेल तर

जिओजेब्रापासून सुरुवात करा, प्रोग्रामिंग लागत नाही. इनपुटच्या जागी ए एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक सी हे फलन टाइप केलं की ए, बी, सी चे स्लाइडर मिळतात आणि परवलय (वाडग्यासारखा वक्र) समोर येतो. ए बदलला की तोंड अरुंद किंवा रुंद होतं, शून्याच्या खाली गेला की उलटं होतं, सी बदलला की वरखाली सरकतो, हे मुलं पटकन सांगतात. मग बी बद्दल अंदाज विचारा. जवळजवळ सगळे म्हणतील डावीकडे-उजवीकडे सरकेल. आता परवलयाचा शिरोबिंदू, म्हणजे त्याचं टोक, दाखवा, त्या बिंदूवर राइट क्लिक करून 'ट्रेस' चालू करा आणि बी चा स्लाइडर हळू ओढा. शिरोबिंदू सरळ आडवा जात नाही, त्याच्या मागे राहणाऱ्या ठिपक्यांचा स्वतःचाच एक परवलय तयार होतो, तेवढ्याच रुंदीचा पण उलटा, आणि त्याचं टोक बरोबर सी च्या उंचीवर. असं का होतं ते शोधायला नववी-दहावीच्या मुलांना एक आख्खा तास द्या, कागद-पेन्सिल घेऊन, स्क्रीन बंद.